फीमाफीचं लग्न

"आज बोलून टाकायचं," माळ्याने सकाळपासून कितव्यांदा तरी कुंड्यांतल्या नेच्यांना सांगितलं. विद्यापीठाच्या काचघरात फवारे नुकतेच बंद झाले होते. हवेत धुकं तरंगत होतं आणि काचेवरून थेंब झोपेत चालल्यासारखे ओघळत होते.

कोपऱ्यातल्या बाकावर त्याची बायको खरोखरच झोपली होती. मांडीवर पुस्तक, मान कललेली, केसांत पाण्याचे बारीक कण. तिची शेवटची परीक्षा काल संपली होती, तरी सवयीने ती इथेच आली होती.

बायको म्हणजे कागदावरची.

तीन वर्षांपूर्वीही ती याच बाकावर येऊन बसायची, कारण वसतिगृहात गारठा होता आणि इथे ऊब. विद्यापीठ सरकारी खरं, पण त्या वर्षी फी अशी वाढली की तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्षण सोडून घरी जाते, असं ती सांगायला आली. त्याने झारी खाली ठेवली आणि तिचं मन हलकं करायला म्हणाला, "इथल्या कर्मचाऱ्याच्या बायकोला शिकवणीची फी माफ असते. गाठा एखादा कर्मचारी."

ती हसली नाही. "तुम्ही कर्मचारीच ना?"

माळ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पण ठरलं. नोंदणी कचेरीत सह्या, घरात दोन वेगळ्या खोल्या आणि पदवी हातात पडली की सामोपचाराने काडीमोड. माफीचं काय ते ती स्वतः बघणार होती. ज्या आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं, तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, लग्न म्हणजे काय फीची पावती आहे? काम झालं की फाडून टाकायला?"

पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले, म्हणजे ठरलं नव्हतं तसे गेले. तो तिला 'तुम्ही'च म्हणत राहिला, ती आठवडाभरात 'अरे'वर आली. संध्याकाळी काचघर बंद करायला दोघं मिळून जायची. तिरप्या उन्हात सगळं हिरवं होऊन जायचं. तो कुंड्या हलवायचा आणि ती त्याला ताऱ्यांचं सांगायची; तेच तर ती शिकत होती. ऐकताना त्याला वाटायचं, आपण दोघं पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुणीतरी आकाश उघडं ठेवलंय.

तिची मात्र फार ओढाताण व्हायची. पहाटे बेकरीत काम, सुट्टीच्या दिवशी मुलांच्या शिकवण्या.

"फी माफ आहे ना? मग एवढं कशाला राबता?" त्याने एकदा विचारलं.

"शिकवणीची माफ रे. बाकीचं कोण भरणार? ग्रंथालय, प्रयोगशाळा, दवाखाना, पोहण्याचा तलाव..."

"तुम्ही कधी पोहता?"

"मी नाही. माझे पैसे पोहतात."

तो पोट धरून हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या आधी उठून चहाचं आधण ठेवू लागला.

मध्ये एकदा तो तापाने फणफणला. ती उशाशी बसून राहिली आणि तिची परीक्षा बुडाली.

"आता त्या विषयाची परत फी पडेल," तो ग्लानीतच पुटपुटला.

"माफ आहे की," ती म्हणाली आणि कपाळावरची पट्टी बदलली.

आता दूरच्या शहरातल्या वेधशाळेत तिला नोकरी मिळत होती. विषय काढला की ती "बघू" म्हणायची आणि खिडकीबाहेर पाहत राहायची. उपकाराच्या ओझ्याने बिचारी गप्प आहे, असं त्याने ओळखलं. तिला जायचं होतं आणि 'जाते' म्हणवत नव्हतं. मग तो शब्द तिच्या तोंडून निघायची वाट कशाला पाहायची? आपणच गाठ सोडावी. आपल्या पोटात काय तुटतंय, ते झाडांना कळलं तरी पुरे.

तिच्याशी बोलण्याआधी फीमाफीचं मिटवून टाकावं म्हणून तिला न उठवता तो बाहेर पडला. दुपार सुस्तावली होती. हिरवळीवर मुलं पुस्तकं तोंडावर घेऊन पडली होती. ती रुंद हिरवळ ओलांडताना त्याला वाटलं, आपण चालतोय, पण पोचूच नये.

फी भरायच्या खिडकीत गर्दी नव्हती. आतल्या बाई निवृत्तीला टेकलेल्या. त्या त्याला चांगल्या ओळखत होत्या.

"माझ्या बायकोची फीमाफी बंद करायची आहे," तो म्हणाला.

"का हो?"

"शिक्षण झालं तिचं. आणि आम्ही... वेगळे होतोय." आवाज वाळक्या पानासारखा निघाला.

बाईंनी चष्मा काढला. "कसली फीमाफी?"

"कर्मचाऱ्याच्या पत्नीची."

"अहो, ती सवलत फी वाढली तेव्हाच बंद झाली. आता फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांना असते. तुमच्या बायकोने प्रत्येक सत्राची पूर्ण फी भरलीय, इथेच, माझ्या हातात."

त्याने खिडकीची कड घट्ट धरली. "पण ती विचारायला आली होती ना?"

"आली होती की. मीच सांगितलं, पोरी, काही उपयोग नाही त्याचा. मलाच कसंसं झालं, म्हणून तर लक्षात राहिलंय. म्हटलं, आता काय करणार गं तू?"

"मग?"

"मग काय! लाजली आणि म्हणाली, 'उद्या माझं लग्न आहे.'"