चौथी रेषा

"खोडून टाक ही चौथी रेषा," हर्षदाच्या कागदावर बोट ठेवत प्रात्यक्षिकाचे परीक्षक म्हणाले. "हायड्रोजनच्या दिव्याच्या प्रकाशात मला वर्णपटमापकाच्या दुर्बिणीतून तीनच रंगीत रेषा दिसतायत. ही पुस्तकातून उतरवलीस."

"नाही सर. टोकाला दिसते, फिकट जांभळी."

"तिथेच शोधायची हे कसं कळलं?"

"इलेक्ट्रॉनला ठरलेल्याच पायऱ्या असतात. सहावीवरून दुसरीवर उतरला तर कोणता रंग निघेल ते आधी गणितानं काढलं, मग पाहिलं. तिथेच होती."

"म्हणजे उत्तर आधी, रीडिंग मागून." त्यांनी पेन्सिलीनं शून्य दिलं. "खोडलंस तर पास करतो."

हर्षदानं खोडरबर रेषेवर टेकवला. खोडलं तर आपणच खोटे ठरणार, ठेवलं तर वर्ष वाया. आपल्या डोळ्यांना दिसलेलं दुसऱ्याला दाखवायचं तरी कसं?

"सर, परत एकदा बघा ना."

"या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय," उजवा डोळा चोळत ते पुटपुटले. मग ऑपरेशन झालेला डावा डोळा लावून वाकले. दुर्बीण टोकाकडे सरकवत नेली आणि एका जागी थांबवली.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. "खोडरबर दे."

तिनं मान खाली घालून दिला. त्यांनी आपलं शून्य खोडलं.