गगनदूताची टाच

"उडता येतं ना त्याला? मग चिखलातून कशाला चालला?" कुंडलिकने विचारले आणि गोदाकाकूंच्या गॅलरीत एकच गलका झाला.

रविवारचा 'गगनदूत' नुकताच संपला होता. वर्तकनगरच्या त्या इमारतीत रंगीत टीव्ही एकट्या गोदाकाकूंकडे. त्यामुळे अर्धी इमारत तिथेच लोटायची आणि भाग संपला तरी हलायची नाही. मालिकेतला काळ बेचाळीस सालचा. दिवसा लाटसाहेबाच्या कचेरीत मान खाली घालून फायली उचलणारा कारकून, आणि रात्री काळा मुखवटा चढवून त्याच साहेबाचे नकाशे पळवणारा हेर! अंगात दहा हत्तींचे बळ. अशा माणसावर शंका घेणे म्हणजे रतनच्या मते चपला घालून देवळात शिरण्यासारखे होते.

"अरे, खाडीत गोऱ्यांनी सुरुंग पेरलेले," रतन म्हणाला. "तो पायाने हुडकत होता. पाऊल उचलतच नव्हता, बघितलं नाहीस? घासत घासत पुढे सरकत होता. आणि डावी टाच सगळा वेळ वर! त्या टाचेतच पॉवर आहे त्याची. लिहून घे माझ्याकडून."

दाराशी मनुबाई काकूंचे मासे साफ करत बसली होती. माजिवड्यापलीकडच्या कोळीवाड्यातून ती दर रविवारी पाटी घेऊन यायची. तिचा कोयता थांबला.

"कशी टाच? चालून दाव," ती म्हणाली.

रतनला तेवढेच हवे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गगनदूत होऊन चालला. सगळे पोट धरून हसले. मनुबाई हसली नाही.

गेल्या होळीनंतर तिच्या मुलाचे, नामाचे, बापाशी कडाक्याचे वाजले होते. खाडीत आता मासा उरला नाही, मी दुसरे काही बघतो, असे पोरगा म्हणाला आणि दामाजीने त्याच्यावर हात उगारला. दुसऱ्या दिवशी होडी खाडीत रिकामी तरंगताना सापडली. नामा सापडला नाही. कोळीवाड्याने पाणी पालथे घातले आणि शेवटी हात टेकले. पुढचा रविवार गेला की सोमवारी अमावास्या होती. त्या दिवशी दर्भाचा पुतळा करून पोराचे क्रियाकर्म उरकायचे, असे दामाजीने भटजींशी ठरवूनही टाकले होते. मनुबाई त्याला हो म्हणाली नव्हती आणि नाही म्हणायला तिच्यापाशी काही नव्हते.

खाडीच्या चिखलात पाकट मासा दडून बसतो. पाऊल उचलून टाकले की त्याच्या शेपटीचा काटा पायात घुसतो. पाऊल घासत नेले तर तोच बाजूला सरकतो. खाडीवरची पोरे हे चालायला शिकतानाच शिकतात. त्यात नवल नव्हते. पण नामा लहान असताना असा एक काटा त्याच्या डाव्या टाचेत मोडला होता. जखम भरली, भीती काही भरली नाही. जमिनीवर पोरगा तुमच्या-आमच्यासारखा चाले. पाण्यात पाय घातला की डावी टाच आपसूक वर. त्याच्या मागून चिखल तुडवणाऱ्या आईवाचून हे कोणाला ठाऊक असणार?

"तो गगनदूतवाला कोळ्याचा हाय काय?" तिने जपून विचारले.

"छे हो मावशी! हिरो कशाला चिखलात उतरतोय? असल्या शॉटला डुप्लिकेट असतो. पाण्यातला माणूस आणतात आणि मुखवटा चढवतात. आत कोण आहे, कोणाला दिसतंय?"

"मना परत बघाया गावल?"

"पुढच्या रविवारी लवकर या. सुरुवातीला मागचं थोडं दाखवतात."

आठवडाभर मनुबाईने दामाजीला एका शब्दाने सांगितले नाही. आशा बोलून दाखवली की तिला दृष्ट लागते, असा तिचा समज होता. पुढच्या रविवारी ती पाटी न घेताच आली, सगळ्यांच्या आधी. गोदाकाकूंनी काही न विचारता तिला पुढे बसवले.

शिंग वाजले, मालिकेचे नाव झळकले आणि पडद्यावर चिखल आला. काठावरून गोरे सोजीर गोळ्या झाडत होते. काळ्या मुखवट्याचा तो उंच माणूस पाण्यात शिरला. उजवे पाऊल घासत गेले. मग डावे. टाच वर.

गॅलरीतल्या पोरांनी श्वास रोखले. मनुबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. गोळ्यांना न भिणारा तो महाबली, जिथे पाकटाचे पिल्लूही नसेल अशा कुठल्याशा शूटिंगच्या तळ्यात, आपल्या टाचेला जपत होता. अख्खा देश त्याला बघत होता आणि ओळखत होती ती एकटी. तिचे हात आपोआप जोडले गेले. जिवंत असून निरोप धाडला नाही म्हणून त्याचा कान उपटायचाच होता. पण उपटायला कान शिल्लक आहे, एवढे कळले तरी आज पुष्कळ होते.

मागचे दाखवून संपले. मनुबाई उठली.

"मावशी, आता तर सुरू होतंय!" रतन ओरडला. "सुरुंग कुठे होता ते आज कळणार!"

"तू बघ, पोरा," ती म्हणाली आणि डोळे पुसत जिना उतरली.

घरी दामाजी ओट्यावर एकटाच बसला होता. बाजारातून आणलेला दर्भ त्याच्या मांडीवर होता. पुतळ्याचे हात वळून झाले होते, पाय वळायला त्याचे हात उचलत नव्हते. मनुबाईने तो दर्भ त्याच्या मांडीवरून काढून घेतला.

"भटाला उद्या नको म्हणून सांग," ती म्हणाली. "नामा कामाला गेलाय."