आपले कोणते?

"यातले आपले कोणते?" भगवंतरावांनी विचारलं.

"पिवळे," प्रभाकर म्हणाला. चेंडूवरची नजर त्याने काढली नाही.

"आन् ते निळे?"

"मुंबईचे."

मैदानाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून भगवंतराव फुटबॉलचा खेळ बघत होते. मुलाला घरी न्यायचं ठरवूनच ते काल परभणीहून हैदराबादला आले होते. एक नोव्हेंबरला भाषेप्रमाणे वाटणी होऊन हैदराबाद राज्य मोडणार होतं. परभणी मुंबईकडे जाणार, हैदराबाद आंध्राकडे.

"मंग येत्या महिन्यापासून निळेच आपले म्हनायचे," ते म्हणाले.

प्रभाकर हसला नाही. त्याचा उजवा पाय पायरीवर सारखा हलत होता. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेचार.

पाच वाजता त्याच्या कचेरीची खिडकी बंद होणार होती. मराठी जिल्ह्यांतून आलेल्या कारकुनांना साहेबांनी एकेक फॉर्म दिला होता. इथंच राहायचं असेल त्याने तसं लिहून आज पाचच्या आत द्यायचं. न देणाऱ्याची बदली आपोआप त्याच्या जिल्ह्याकडे. प्रभाकरने तीन दिवसांपूर्वीच लिहिलं होतं, खाली सहीही केली होती. तेव्हापासून तो कागद सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत होता. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो नल्लकुंट्यातल्या आपल्या खोलीवर गेला. बसला, उठला, पाणी प्याला, पुन्हा उठला. शेवटी म्हणाला, "आबा, मी मैदानावर जातो." भगवंतराव म्हणाले, "चल, मीबी येतो."

पिवळ्यांनी चेंडू उजव्या बगलेने पुढे नेला. मैदान उठून उभं राहिलं. फटका गोलावरून गेला.

"हाय रे!" प्रभाकरच्या पलीकडे बसलेल्या गफूरने कपाळावर हात मारला. गफूर अफजलगंजातला टेलर. तीन वर्षांपूर्वी, या शहरात एकही ओळखीचा चेहरा नसताना, प्रभाकर एका रविवारी रस्त्याने नुसता चालत सुटला होता. ओरडा ऐकून या मैदानात शिरला. फुटबॉल त्याने तोवर पाहिलाही नव्हता. गोल झाला आणि शेजारच्या अनोळखी माणसाने त्याला कवेत घेऊन उचललं. तो गफूर. त्यानंतर प्रभाकरने एकही सामना चुकवला नव्हता, आणि त्याची जागा गफूरने कधी कुणाला दिली नव्हती.

"चाचा, तुमारा लडका हमारेसे जादा चिल्लाता," गफूर भगवंतरावांना म्हणाला.

"घरी तं तोंड उघडत न्हाई," भगवंतराव म्हणाले.

पावणेपाच. अजून गोल नाही. प्रभाकर अर्धवट उठला. त्याच क्षणी निळ्यांचा गडी चेंडू घेऊन सुटला आणि तो पुन्हा बसला. कचेरी मागच्या रस्त्यालाच होती, भराभर चाललं तर दहा मिनिटांची वाट. धोका टळल्यावर तो पुन्हा उठला, पुन्हा बसला. हात खिशाकडे गेला आणि परत आला.

"खिशात काय हाय?" भगवंतरावांनी विचारलं.

"काही नाही."

"काल रातच्यापासून बघतो. जेवताना हात तिथंच, निजताना हात तिथंच. काय हाय?"

प्रभाकरने कागद काढला. इंग्रजी अक्षरं होती. भगवंतरावांनी तो उलटा-सुलटा केला.

"काय लिव्हलंस?"

खाली पिवळ्यांना कॉर्नर मिळाला होता. लोक ओरडत होते. प्रभाकरला वाटलं, या गोंगाटात सांगितलं तर कदाचित ऐकूही जाणार नाही.

"इथंच राहतो, असं."

भगवंतरावांना ऐकू आलं. त्यांनी डोक्यावरचा लाल पटका सारखा केला. ते समोर बघत होते, पण चेंडू त्यांना दिसत नसावा.

"तुझ्या मायनं घरी तुझ्या खोलीला चुना दिलाय," ते म्हणाले.

प्रभाकरचा पाय थांबला.

"कव्हा द्यायचाय ह्यो?"

"पाचच्या आत."

"मंग बसलास कशाला?"

"जातो, आबा. एवढा कॉर्नर झाला की..."

"तू उठायचा न्हाईस. दिसतंय मला." त्यांनी कागदाची घडी घातली. "रस्ता सांग."

"तुमचे गुडघे दुखतात, आबा. मी..."

"रस्ता सांग म्हनलं ना."

"गेटातून डावीकडे. पिंपळाच्या पुढं मोठी कमान. आत पहिलीच खिडकी."

भगवंतराव एकेक पायरी हात टेकत उतरले. प्रभाकर उभा राहिला. गर्दीतून लाल पटका गेटाकडे सरकत होता. सर्वांत वरच्या पायरीवरून भिंतीपलीकडचा रस्ता दिसायचा. गेटाबाहेर पटका थांबला. उजव्या हाताला स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा उभ्या होत्या. एकाने त्यांना हाक मारली असावी. पटका त्या बाजूला वळला. प्रभाकर चवड्यांवर उंच झाला.

मग भगवंतराव डावीकडे निघाले. आधी चालले. मग धोतराचा सोगा एका हाताने उचलून, दुसऱ्या हातातला कागद उंच धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी पळायला लागले.

एकदम सगळं मैदान फुटल्यासारखा आवाज झाला. टोप्या उडाल्या. गफूरने त्याला कमरेला धरून उचललं, गरागरा फिरवलं.

"हुआ! हुआ ना मियां!"

"काय झालं?" प्रभाकरने विचारलं.

गफूरने त्याला खाली ठेवलं.

"अरे, गोल हुआ. आंखां के सामने हुआ," तो म्हणाला. "तुम किदर देख रहे थे?"