आजार कळलेला भाऊ

शिवांजलीनं कंदी पेढ्यांचा पुडा फोडला आणि नोंदणी कार्यालयातल्या सगळ्या रांगेला वाटला. खिडकीतल्या बाईंना तर हातातलं घड्याळच काढून देऊ लागली. "घ्या वं, तुमच्या हाताला लय शोभंल!" बाई ओशाळल्या. परवापासून शिवांजलीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी ती ताजीतवानी होती.

"राजीखुशीनं हक्क सोडताय ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"व्हय तर! माझ्या दादाला जमीन काय, जीव बी दीन!"

दादा, म्हणजे धैर्यशील, मागं उभा होता. भाऊ असावा तर असा, असं गाव म्हणे. नवऱ्यानं तिला येडी ठरवून माहेरी आणून टाकलं, तेव्हा यानंच तिला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं, समुपदेशनाच्या मॅडम गाठून दिल्या. मॅडमसमोर तो तिच्या शेजारी बसे आणि कान देऊन ऐके. बायपोलर म्हणजे काय, ते घरात एकट्या त्यालाच कळलं होतं. कधी महिना महिना अंथरूण सुटत नाही. कधी झोप उडते, तोंड थांबत नाही, हात सैल सुटतो, मागेल त्याला मागेल ते.

गोळ्यांनी आणि मॅडमच्या बोलण्यानं ती पुष्कळ सावरली होती. सावरली, आणि हक्कसोडाला नाही म्हणाली. बहिणींनी साडीचोळी घेऊन सही करायची, ही रीत तिला ठाऊक होती. "पण माझी गोळी माझ्या वाटणीच्या उसावर हाय, दादा," एवढंच तिनं शांतपणे सांगितलं होतं. त्यानंही पुन्हा विषय काढला नव्हता. आज सकाळपर्यंत.

अंगठा यंत्रावर ठेवता ठेवता ती थबकली. हसू उतरलं.

"दादा, माझी झोप गेलीया. मॅडम म्हणल्यात, झोप गेली की काय बी मोठं ठरवायचं न्हाई, आदी मला फोन करायचा. लाव की फोन."

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सकाळीच इचारलंय गं बाय. चालतंय म्हणल्या."

दादावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा? तिनं अंगठा टेकवला. सहीसुद्धा झोकात केली.

नवी साडी मांडीवर देऊन त्यानं तिला गाडीत बसवलं. मग जरा लांब जाऊन फोन लावला. आवाज काळजीनं भरला होता.

"मॅडम, शिवाची झोप उडालीया."

"लगेच कळवलंत, फार बरं केलंत. आजच घेऊन या तिला. आणि तोवर कशावरही सही करू देऊ नका."

"न्हाई मॅडम," धैर्यशील म्हणाला. "आता एकबी न्हाई."