सरजाबाईचं चालणं

बन्सीधरची बायको सरजाबाई गेली ही खबर वालूरला सकाळी आली. साधा खोकला झाला होता. त्याचा निमोनिया झाला आणि ती परभणीच्या दवाखान्यातून जिवंत परत आलीच नाही. दुपारी तिला पोचवून आल्यावर माणसं बन्सीधरच्या अंगणात बसली.

बन्सीधरच्या डोक्यातून डॉक्टरांचं बोलणं जात नव्हतं. वय झालं की शरीराचा पहारा ढिला पडतो, ते म्हणाले होते. वजन जास्त असलं की लवकर ढिला पडतो. पहारेकरी पेशी अंगातल्या चरबीशीच झुंजून दमतात, मग खरा रोग आला की त्यांच्यात जोर उरत नाही. म्हणून तर बाईंना रोज चालायला सांगितलं होतं.

"चालायची की साहेब!" बन्सीधर तेव्हा डॉक्टरांवर चिडला होता. "रोज सकाळी शेतापर्यंत जायची अन् यायची. गावाला विचारा."

आता गाव समोरच बसलं होतं.

"काका, काकूला म्या कधी पायी जाऊ दिलं न्हाई," शेजारचा गोपाळ डोळे पुसत म्हणाला. "दिसली की गाडी थांबवायचो. नको नको म्हणायची, पण बसवल्याबिगर सोडायचो न्हाई."

"येताना माझी पाळी," माऊली दूधवाला म्हणाला. "दोन्ही कॅन एका अंगाला बांधायचो, पण वहिनीला बसवायचो. एवढ्या जड अंगाची बाई पायी चालायली, अन् आपण बघत जायचं?"

माना डोलल्या. असं सांगण्यासारखं प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. ट्रॅक्टरवाल्याजवळसुद्धा.

दारात बसलेली कडूबाई, सरजाबाईची मैत्रीण, रडता रडता हसली. "मला म्हणायची, कडे, घरून निघते चालायला अन् पोचते बसून. न्हाई म्हणावं तर माणसं रुसतात."

 इतक्या चांगल्या माणसांना बन्सीधर बोलणार तरी काय?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेताकडं निघाला. तिच्या वाट्याचं चालणं एकदा तरी पुरं करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मागून मोटारसायकल येऊन थांबली.

"काका, आमी काय मेलो का?" गोपाळ म्हणाला. "पायी निघालाव ते?"

"जाऊ दे रे. मुद्दाम चालायलोय."

"मुद्दाम?" गोपाळचा चेहरा उतरला. "काई चुकलं का माझं? राग हाय का?"

बन्सीधरनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग धोतर सावरलं आणि मागं बसला.

घरापासून शेतापर्यंतचं चालणं अजून राहिलंच आहे.