बांबूतली वाट

होक्काइदोच्या डोंगरात अनघा आणि तिचे प्राध्यापक हेमचंद्र एका जुन्या वाटेचा नकाशा करत होते. दीडशे वर्षांपूर्वी सैन्याच्या टेहळणी तुकडीने पाडलेली ती वाट समोरच्या धारेवर, बांबूच्या रानात संपत होती. तुकडीच्या नोंदीही तिथेच थांबत होत्या.

"सर, वाट संपत नाहीये," ड्रोनच्या स्क्रीनकडे बघत अनघा म्हणाली. "धारेवरून खाली उतरलीय."

"कालच्या फोटोत तर नव्हती."

"आज आहे. बांबू ताजा कापलेला दिसतोय."

माणूस मात्र एकही दिसत नव्हता. बॅटरी बदलून तिने ड्रोन पुन्हा पाठवला, तोवर वाट ओढ्यापर्यंत आली होती. वारा पडलेला होता, तरी तिच्या टोकाशी एकेक शेंडा आडवा होत होता. मग ओढा ओलांडून ती वळली, सरळ त्यांच्याच दिशेने.

"सामान राहू दे," सर दबक्या आवाजात म्हणाले. "गाडीकडे चल."

दोघं मागे वळली.

सकाळी ज्या गच्च बांबूतून अंग ओरबाडून घेत दोघं वर आली होती, तिथे आता चार हात रुंद, स्वच्छ वाट होती. दोन्ही कडांना कापलेल्या पेरांतून पाणी गळत होतं.

आणि ती वाट अनघाच्या पावलांपाशी येऊन थांबली होती.