मूळ आवाज

स्पीच थेरपीच्या मॅडमनी पोरीच्या नाकाखाली छोटासा आरसा धरला आणि 'प' म्हणायला सांगितलं. पोरगी पावणेतीन वर्षांची. तिनं मान ताणून, जीव खाऊन म्हटलं, पण प काही आला नाही. नुसतं नाकातून हुं झालं आणि आरशावर वाफ धरली.

फाटलेली टाळू शिवून दीड वर्ष झालं, तरी हवा नाकातून सटकतेय, मॅडम म्हणाल्या. हळूहळू सुधारत असेल तर सरावानं भागेल. तसूभरही फरक नसेल तर परत ऑपरेशन. पण पोरीला त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या. आधी कशी बोलायची ते ऐकल्याशिवाय कसं ठरवणार? घरचे जुने व्हिडिओ आहेत का, त्यांनी विचारलं.

आईचा चेहरा असा खुलला की बस. व्हिडिओला काय तोटा! पोरीचा बाप लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. नवरदेवाचं टक्कल झाकायचं, रुसलेली आत्या कापायची, वर झकास गाणं चढवायचं, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "ह्यांच्या मोबाईलमध्ये हिच्याशिवाय दुसरं काय आहे," आई म्हणाली. "उद्या मी हरवले तर पोलिसांना द्यायला माझा फोटो मिळायचा नाही. काढा ना हो."

बाप काही मोबाईल काढेना. म्हणाला, चार्जिंग कमी आहे. बायकोनं त्याच्या खिशातून स्वतःच काढला. एकोणऐंशी टक्के.

पहिला व्हिडिओ लागला. पोरगी झोक्यावर, तोंड सारखं चालू, आणि वर गाणं. दुसऱ्यात बाहुलीला रागावतेय, बोट नाचवतेय, वर बासरी. तिसरा, चौथा, दहावा. सगळीकडे ओठ हलतायत आणि गाणं वाजतंय.

"गाणं बंद करता येईल का?" मॅडमनी विचारलं.

नाही येणार, बाप म्हणाला. मूळ आवाज काढून टाकलाय. मग पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न असं काहीबाही सांगत बसला. एरवी गिऱ्हाईकाला बोलण्यात गुंडाळणारा हा माणूस, पण शब्द त्याच्या दातांत अडकायला लागले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"सगळ्यांतला काढलात?" बायकोनं हळूच विचारलं.

"लोक बघतात ना ते."

"मग? काय म्हणतात लोक?"

"काही नाही." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "गाणं छान आहे म्हणतात."

बायको बोटानं खाली खाली सरकवत राहिली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि अगदी तळाला एक सापडला. मागच्या वर्षीचा, कुणाला न पाठवलेला, म्हणून वर गाणं नव्हतं. पोरगी खिडकीत उभी राहून बाहेरचं काहीतरी दाखवत होती. आवाज बारीक येत होता, पण तिचाच होता.

मॅडम खुर्ची ओढून पुढे सरकल्या. "आवाज वाढवा जरा."

बाप म्हणाला, "तो राहू द्या. तो नीट आला नाहीये."

बायकोनं आवाज पार वरपर्यंत नेला. पोरगी काचेवर बोट ठेवून काहीतरी सांगायला लागली, नाकातून, अडखळत. दोन शब्द झाले नसतील, तेवढ्यात मोबाईलच्या मागून बापाचा आवाज आला. लाडात आलेला, मऊ.

"श्श. बोलायचं नाही, राणी. तोंड मिट. नुसती हस."

बाप खाली फरशीकडे बघत राहिला.

खुर्चीतल्या पोरीनं मात्र बापाचा आवाज ओळखला होता. तिनं चटकन ओठ मिटले, मान जराशी कलती केली, आणि त्याच्याकडे बघून गोड हसली. तशीच, न हलता, हसत राहिली.